प्रश्न तुमचे, पकड माझी : सॅमनचे प्लग

मागच्या अंकात पाणबुडी मोटारीच्या एका प्रश्नाला उत्तर देताना मी ओघात लिहून गेलो, की मुलीकडे कॅनडाला गेलो म्हणजे माझा उन्हाळा सॅमनचे प्लग दुरुस्त करण्यात जातो. त्या एका वाक्यावर मोटारीपेक्षा जास्त पत्रं आली. खान्देशातल्या गल्लीगल्लीतलं एखादं पोरगं आता तिकडं आहे, त्यामुळे नवल नाही. संपादकांनी हे सदर या वेळी त्यालाच दिलंय. बोअरवेलवाल्यांनी महिनाभर थांबावं.

ज्यांना विषय नवा आहे त्यांच्यासाठी थोडक्यात : प्लग म्हणजे लाकडाचा किंवा प्लास्टिकचा खोटा मासा, बहुतेक ४ ते ७ इंचांचा, डोकं तिरपं कापलेलं. चालत्या होडीमागे तो पाण्यातून ओढत न्यायचा. तिरप्या कापावर पाणी दाबतं, प्लग डावीकडे-उजवीकडे झोल खात जातो आणि सॅमन माशाला तो जायबंदी हेरिंग, म्हणजे त्याची खायची छोटी मासळी, वाटतो. ओढून मासे धरण्याच्या या पद्धतीला तिकडं ट्रोलिंग म्हणतात. मी भुसावळला रेल्वेत फिटर होतो. मुलगी व्हिक्टोरियाला राहते, आणि तिच्या शेजारचे म्हातारेबुवा जन्मभर ट्रोलिंगच्या बोटीवर होते. त्यांचं पाण्यातलं ज्ञान आणि माझी कानस, असं आमचं जमलं.

प्रश्न : नाना, मुलगा अमेरिकेत टकोमाला असतो. त्यानं प्लग विकत घेतला, तर त्याला गळ अडकवायला कडीच नाही. नुसतं आरपार भोक आहे. तो म्हणतो माल खराब आला, परत करतो. मी म्हटलं थांब, नानांना विचारते.
— एक ताई, चाळीसगाव

उत्तर : ताई, परत करू देऊ नका. माल चांगला आहे. उलट कडी नाही हीच त्याची खुबी.

गळ प्लगच्या अंगालाच पक्का केला असेल तर काय होतं बघा. चिनूक जातीचा मोठा सॅमन लागला की तो डोकं झटकतो. तोंडाबाहेर सहा इंचांचा जड ठोकळा लोंबत असतो. त्या ठोकळ्याची टामी होते, आणि त्या टामीनं मासा स्वतःच गळ उचकटून मोकळा होतो. म्हणून दोरी प्लगच्या आतून ओवायची. डोक्याकडून आत, पोटाखालून बाहेर, आणि गळ दोरीच्या टोकाला. मासा लागला की प्लग दोरीवरून वर सरकतो, माशाच्या तोंडात फक्त गळ राहतो. झटकायला त्याच्याजवळ काही उरतच नाही.

आता जुळणी. मुलाला सांगा, जाड तंगूस (नायलॉनची दोरी) घे, ४० पौंडांचा ताण सोसणारी चालेल, सहा फूट. वरच्या टोकाला फिरकी (स्विव्हल, म्हणजे पीळ न बसू देणारी फिरती कडी). खालचं टोक प्लगमधून काढ. मग एक कडक मणी ओव, आणि त्यानंतरच दुसऱ्या फिरकीला गाठ मार. त्या फिरकीला स्प्लिट रिंग (किल्ल्यांच्या कडीसारखी दुहेरी वेढ्याची), रिंगला गळ. क्रम चुकला तर सगळं सोडून पुन्हा ओवावं लागतं. मणी शोभेचा नाही. पाण्याचा रेटा प्लगला सारखा मागे ढकलत असतो, मणी नसला तर तो रेटा थेट गाठीवर येतो आणि गाठ भोकात घुसून घासते. शिवाय मण्यांनी गळाचं अंतर जुळवता येतं. गळ शेपटीच्या फार मागं लोंबला तर मासा नुसता प्लगला टक्कर देऊन जातो. पोटाशी फार चिकटला तर गळाचा पाठकणा अंगावर आपटत राहतो आणि झोल बिघडतो. मला गळाचं टोक शेपटीच्या थोडं मागं आलेलं आवडतं. एकेक मणी घालून-काढून बघायचं.

आणि एक काम फिटरचं. साच्यातून निघालेल्या प्लास्टिकच्या भोकाला कधीकधी धार असते. नव्या प्लगच्या भोकात कापसाची वात फिरवा. तंतू अडकले तर तीच धार उद्या तंगूस कापणार. भोकापेक्षा मोठा ड्रिल बिट घ्यायचा, मशीनला लावायचा नाही, बोटांनीच तोंडावर दोन फेरे द्यायचे. धार मोडते. मग बारीक पॉलिश पेपरची सुरळी आत-बाहेर करायची. दुकानातला प्लग कितीही महाग असो, हे मी आधी करतो.

काही लोक भोकात टूथपिक दाबून प्लग दोरीवर एका जागी धरतात, मासा लागला की तो सुटतो. पाण्याचा रेटा ज्या प्लगला आपोआप मण्यावर बसवतो त्याला याची गरज नाही.

प्रश्न : नाना, मना प्लग पानीमा आडवा पडी जास, काय करू? लेथवर सागाचा बनवलाय. घोटून आरशासारखा केला. भाचा व्हँकूवरला आहे, त्याला पाठवायचा आहे.
— वर्कशॉपवाले एक भाऊ, शिरपूर

उत्तर : भो, आडवा पडणारच. लेथवर उतरवलेली वस्तू चोहोबाजूंनी सारखी गोल. पोट कुठलं आणि पाठ कुठली हे तिला कोण सांगणार? ते सांगायचं काम शिशाचं.

बादली भरून घ्या. शिशाचे छोटे तुकडे पोटाच्या बाजूला नुसते टेपनं चिकटवा आणि प्लग सोडा. गळ, फिरकी, मणी, सगळं लावून सोडा, कारण त्यांचंही वजन आहे. हातानं उलटा करून सोडला तरी तो झटकन सुलटा झाला पाहिजे. होत नसेल तर वजन वाढवा. नाक वर करून उभा राहत असेल तर शिसं पुढे सरकवा. जागा नक्की झाली की मगच खालून भोक पाडून शिसं आत बसवायचं आणि वर इपॉक्सी भरायची. आधी भोक पाडून मग विचार करणारे लोक मी वर्कशॉपमध्ये पुष्कळ पाहिले.

दुसरं, डोक्याचा तिरपा काप. तो लेथवर होत नाही, करवतीनं आणि कानशीनं होतो, आणि तिथंच हात वाकडा जातो. गुण्या लावून बघा. समोरून पाहिलं तर काप डावीकडे-उजवीकडे अगदी सारखा हवा. काप एका बाजूला जराही कलला असेल तर प्लग सतत त्या कडेला पळत राहतो, नाहीतर गोल फिरून दोरीला पीळ घालतो. ज्या प्लगांना नाकावर कडी असते त्यांचं सोपं. पाठीमागून बघताना उजवीकडे पळत असेल तर कडी पकडीनं किंचित डावीकडे वाकवायची, डावीकडे पळत असेल तर उजवीकडे. किंचित म्हणजे डोळ्याला जेमतेम दिसेल इतकीच. पण तुमच्यासारख्या आरपार दोरीच्या प्लगला वाकवायला कडीच नाही, म्हणून काप आणि भोक मध्यरेषेवर असण्याला पर्याय नाही. भोक तर लाकूड चौकोनी असतानाच पाडा, गोल झाल्यावर मध्य सापडत नाही. हे तुम्हाला सांगायला नको, पण छापून यावं म्हणून सांगितलं.

आता लाकूड. साग आपला लाडका, मान्य. पण तिकडचे जुने कारागीर प्लगला लाल सीडर नावाचं लाकूड वापरत आले, आणि ते सागाच्या जवळजवळ निम्म्या वजनाचं असतं. अंग हलकं आणि पोटात शिसं, असं असलं की प्लग चट उलट-सुलट झोल घेतो. अंगच जड असेल तर तो सुस्त. त्यातून सागात तेल असतं, त्यावर रंग आणि इपॉक्सी नीट धरत नाही. रंगवण्यापूर्वी थिनरनं पुसावं लागतं. सावंतवाडीची लाकडी फळं पूर्वीपासून ज्या पांगाऱ्याची करतात ते लाकूड पिसासारखं हलकं, पण सॅमनच्या दातांपुढे फार मऊ. माझं मत विचाराल तर शिवण घ्या. सातपुड्यात मिळते, हलकी आहे, कोरायला गोड, आणि ओल-ऊन लागलं तरी फारशी हलत नाही.

लाकडाच्या भोकाची आतली बाजू उघडी ठेवू नका. बाहेरून चार हात इपॉक्सी आणि आतून कोरडं लाकूड, असा प्लग पाणी पिऊन फुगतो आणि रंग फुटतो. जुन्या बॉलपेनची रिकामी, धुतलेली रिफिल भोकात इपॉक्सीनं चिकटवा. तंगूस तिच्यातून सहज जाते आणि लाकडाला पाणी शिवत नाही. माझी ही युक्ती शेजारच्या म्हाताऱ्यांना इतकी आवडली की त्यांनी इकडून येताना रिफिली घेऊन यायला सांगितलं. तिकडं पेनं मिळत नाहीत असं नाही. आपल्या रिफिलीचं माप त्यांच्या भोकांना बसलं, एवढंच.

आणि आरशासारखं घोटणं विसरा. माशाला फर्निचर घ्यायचं नाहीये.

प्रश्न : वरच्यासारखाच उद्योग मीही करतो. पण चाचणी कुठं घ्यायची? साक्रीला समुद्र कुठून आणू? आणि वेग किती ठेवायचा?
— शेतकरी, साक्री तालुका

उत्तर : तुमच्याइतकी सोय तर मला भुसावळला नाही. पांझरा नदीवरच्या फडांचे (सामाईक सिंचनाचे) पाट तुमच्या दारातून जातात. शतकांपूर्वी बांधलेलं ते वाहतं पाणी प्लगसाठी फुकटची प्रयोगशाळा आहे. पाळी तुमची नसेल त्या दिवशीही प्लग सोडायला पाटकरी हरकत घेणार नाही.

वेगाचा हिशेब असा. सॅमनसाठी होडी साधारण २ ते ३ नॉटनं चालवतात. १ नॉट म्हणजे ताशी १.८५ किलोमीटर. मधला अडीच नॉट धरा : ते होतात सेकंदाला सुमारे १.३ मीटर, म्हणजे १० मीटर अंतर ८ सेकंदांत. झपझप चालणाऱ्या माणसाचा वेग. शेततळं असेल तर काठावर १० मीटरची खूण करा आणि घड्याळ लावून चाला.

वाहत्या पाटात मात्र पाण्याचा वेग धरावा लागतो. पाण्यावर पान टाका. समजा त्याला १० मीटर जायला २० सेकंद लागले, म्हणजे पाणी सेकंदाला अर्धा मीटर. मग प्रवाहाच्या उलट दिशेनं १० मीटर १२-१३ सेकंदांत चाललात की प्लगला अडीच नॉट मिळाले. प्रवाहाबरोबर चाललात तर हिशेब फसेल.

बांबूच्या टोकाला पाच-सहा फूट दोरी बांधा आणि टोक पाण्यात बुडवून ठेवा, नाहीतर दोरी प्लगला वर खेचते आणि तुम्हाला वाटतं हा पृष्ठभागावरच नाचतोय. चांगला प्लग बांबूच्या टोकाला एकसारखे ठोके देतो, ते हाताला कळतात. वेग हळू-हळू वाढवा. कुठल्या वेगाला ठोके सुरू होतात आणि कुठल्या वेगाला प्लग पलटी खाऊन बाहेर उडतो, दोन्ही प्लगच्या पोटावर पेन्सिलनं लिहा. बोटीवरच्या माणसाला या दोन आकड्यांचा जेवढा उपयोग आहे तेवढा तुमच्या रंगकामाचा नाही. तिथल्या भरती-ओहोटीत दर थोड्या वेळानं पाण्याचा वेग बदलतो, आणि अमुक प्लग सावकाश वेगालाही चालतो हे ठाऊक असलं तर तो सकाळी कुठला बांधायचा ते ठरवू शकतो.

बदल करताना एकच गोष्ट बदला. गळही मोठा केला, शिसंही हलवलं, कापही घासला, आणि प्लग बिघडला, तर कशानं बिघडला ते कोणाला विचाराल?

शेततळ्यात चाचणी घेत असाल तर गळाचं टोक रबराच्या नळीत खुपसून ठेवा. गळ काढू नका, वजन बदलतं. पण उघडा गळ एकदा का तळ्याच्या प्लास्टिक कागदात गेला, तर प्लगच्या हजारपट खर्च कागदाला येईल.

प्रश्न : नोकरीसाठी व्हँकूवरला चाललोय. ऑनलाइन पाहिलं तर प्लगला तीन तोंडांचे गळ असतात. ते काढून एकेरी लावू की तसेच ठेवू? आणि टोकामागचा अणकुचीदार उलटा काटा नसलेला गळ काय कामाचा?
— तरुण अभियंता, धुळे

उत्तर : पहिलं म्हणजे लायसन. ब्रिटिश कोलंबियाच्या समुद्रात मासे धरायला लायसन लागतं, सॅमन घरी न्यायचा तर त्यावर सॅमनचा वेगळा स्टॅम्प लागतो, आणि ठेवलेल्या चिनूकची नोंद तिथल्या तिथं करायची असते. सॅमनसाठी उलट्या काट्याशिवायचेच गळ चालतात. शेजारी वॉशिंग्टन राज्यातही समुद्रात बहुतेक ठिकाणी एकेरी आणि बिनकाट्याचाच गळ. नियम हंगामागणिक आणि विभागागणिक बदलतात, म्हणून जाण्याच्या दिवशी पुन्हा वाचायचे. 'माहीत नव्हतं' हे तिकडं चालत नाही.

कारण समजून घ्या. काही ठिकाणी हॅचरीत (मत्स्यबीज केंद्रात) वाढवलेला मासा ठेवता येतो, पण नदीत जन्मलेला रानचा मासा सोडून द्यावा लागतो. हॅचरीच्या पिल्लांचा पाठीवरचा, शेपटीजवळचा छोटा मांसल पर कापलेला असतो, त्यावरून ओळखायचं. जो सोडायचा त्याच्या तोंडात तीन-तीन टोकं घुसवून काय करणार? एकेरी, बिनकाट्याचा गळ पाण्यातच पकडीच्या एका हिसक्यात निघतो.

बिनकाट्याचा गळ विकत मिळतो, किंवा नोजप्लायरनं काटा दाबून सपाट करता येतो. दाबल्यावर कापसाच्या बोळ्यात खुपसून बाहेर काढा. तंतू ओढून आणला तर अजून काटा शिल्लक आहे. मासा सुटेल ही भीती असेल तर दोरी ताठ ठेवा, त्याला दुसरा इलाज नाही. आणि टोक नखावर घासून बघा. धारदार गळ नखात रुततो, बोथट घसरतो. कानशीचे तीन-चार हात आणि काम झालं.

पाच इंची प्लगला मी ५/० किंवा ६/० मापाचा लांब टोकाचा सिवॉश गळ लावतो. काढलेल्या तिनतोंडी गळाइतकंच वजन एकेरीचं असेल असं समजू नका. दोन्ही वजनकाट्यावर तोला. फरक मोठा असेल तर गळाच्या दांडीला शिशाची बारीक तार गुंडाळून भरून काढता येतो, आणि मग पुन्हा पाट गाठायचा.

प्रश्न : प्लगवर गाडीच्या नंबरप्लेटचं रेडियम चिकटवलं तर? आमचं रेडियम कटिंगचंच दुकान आहे.
— दुकानदार, अमळनेर

उत्तर : चिकटवा, पण कशासाठी ते कळू द्या. तुमचं रेडियम आलेला उजेड परत फेकतं. वरच्या वीस-तीस फुटांत, ऊन असताना, बाजूवर एक पट्टी चमकली तर हेरिंगच्या खवल्यांचा भास छान होतो. पण चिनूकमागे प्लग शंभर-दीडशे फूट खाली जातो. तिथं परत फेकायला उजेडच फारसा नाही. तिथं लागतो तो अंधारात चकाकणारा रंग, जो वर टॉर्चखाली उजेड पितो आणि खाली गेल्यावर सोडतो. दुकानदार लोक दोन्हींना एकच नाव देतात, त्यानं घोटाळा होतो.

तांबडा रंगही खोलवर तांबडा दिसत नाही. पाणी सगळ्यात आधी तांबडा उजेड गिळतं, हिरवा-निळा खोलवर टिकतो. लाल प्लग खाली काळपट होतो. वाईट असं नाही, पण तुम्ही पैसे लालाचे मोजलेत. चकाकणाऱ्या रंगावर नेलपॉलिशचा पारदर्शक हात दिला तर तो दातांनी लवकर खरवडत नाही. पट्टी चिकटवाल तर दोन्ही बाजूंना सारखी, आणि कडा वार्निशनं बंद करून. एका बाजूची सुटलेली कड पाण्यात सुकाणूचं काम करते.

प्रश्न : फ्लॅशर म्हणून चकचकीत फळी मिळते, ती प्लगच्या पुढे बांधू का?
— एक वाचक, पारोळा

उत्तर : त्याच दोरीवर नको. फ्लॅशर गोल गरगर फिरतो आणि मागचा प्लग फरफटत नेतो, मग प्लगचा स्वतःचा झोल मरतो. चमक हवीच असेल तर फ्लॅशर बिनगळाचा, डाउनरिगरच्या तारेला वजनाच्या गोळ्यापाशी बांधा. डाउनरिगर म्हणजे जड गोळा तारेनं खोल सोडणारं रहाट. आपली दोरी तारेवरच्या चिमट्यात अडकवायची आणि मासा लागला की ती चिमट्यातून सुटते. प्लग त्या चिमट्याच्या मागे वीस ते पन्नास फूट ठेवावा. त्याला झोलायला मोकळी जागा लागते.

प्रश्न : जावई ओरेगॉनला असतात. ते केळ्यासारख्या वाकड्या प्लगला मासळीचा तुकडा दोऱ्यानं गुंडाळतात म्हणे. खोटी मासळी कमी पडते का? वास घरभर होतो म्हणून लेकीची तक्रार.
— एक आजी, यावल

उत्तर : आजी, वासासाठीच ते गुंडाळतात. तो वाकडा प्लग क्विकफिश असेल किंवा फ्लॅटफिश. कोलंबियासारख्या नदीत शरद ऋतूत वर चढणारा चिनूक फारसा खात नाही, त्याला डिवचावं लागतं. झोल आणि वास दोन्ही मिळून ते काम करतात. सार्डिनचा पातळ तुकडा पोटाला लावायचा आणि लवचिक दोऱ्यानं घट्ट गुंडाळायचा.

जावईबापूंना दोन गोष्टी सांगा. तुकडा गळांच्या कड्यांवर येऊ देऊ नये आणि दोन्ही बाजूंना सारखा कापावा. आणि गुंडाळल्यावर प्लग होडीच्या कडेला धरून पुन्हा चालवून बघावा, कारण सरळ चालणारा प्लग तुकडा लावल्यावर हमखास एकीकडे ओढतो. नाकाची कडी जुळवायची ती तुकड्यासकट. शिवाय पोटाची कडी आणि गळ यांच्यामध्ये एक फिरकी घालायला सांगा : कडी, स्प्लिट रिंग, फिरकी, स्प्लिट रिंग, गळ. हा प्लग दोरीवर सरकत नाही, म्हणून माशानं गिरकी घेतली तर गळ तरी त्याच्याबरोबर फिरला पाहिजे.

वासाचं म्हणाल तर कापाकापी घरात करायचीच नाही. तुमच्या लेकीचं बरोबर आहे.

प्रश्न : भाऊ शिकागोला आहे. म्हणतो मिशिगन तलावात सॅमन धरला. तलावात सॅमन? थाप आहे ना?
— एक वाचक, पाचोरा

उत्तर : थाप नाही. तिथं अलवाइफ नावाची बारकी मासळी बेसुमार वाढली होती. तिला खायला म्हणून मिशिगन राज्यानं १९६६ मध्ये पॅसिफिकचा कोहो आणि १९६७ मध्ये चिनूक सोडला. गोड्या पाण्यात ते असे रमले की जे-प्लग नावाचा सरकता प्लग आज त्या तलावांवर घराघरात आहे. भावाला पेढे मागा.

प्रश्न : पोरानं आणलेले सहा इंची प्लग हतनूरला चालतील का? आमचं केळीचं शेत धरणाच्या पाण्याजवळच आहे.
— केळी बागाईतदार, रावेर

उत्तर : कपाटात ठेवा. पाहुण्यांना दाखवायला चांगले आहेत.

आपल्या धरणात ज्याची भरती तो कटला पाण्यातलं सूक्ष्म जीवजंतू गाळून खातो आणि रोहू शेवाळ-वनस्पती. त्यांना धावता मासा दाखवून उपयोग काय? हतनूर तापी-पूर्णेच्या संगमाजवळ, ४१ दरवाजांचं, पण गाळानं उथळ झालेलं. सॅमनचा प्लग पहिल्याच फेरीला बुडालेल्या बाभळीत जाईल. आणि थर्माकोलच्या होडीमागे अडीच नॉटनं ट्रोलिंग करायचं म्हणाल तर आधी वल्हवणाऱ्याला विचारा.

शिकारी मासे आपल्याकडे आहेत, मरळ आणि शिवडा. मरळ काठाच्या गवतात दबा धरतो. त्याला तीन इंची, वर-वर चालणारा हलका प्लग काठावरून फेकून सावकाश ओढायचा. पोरानं आणलेल्यांत असा एखादा छोटा असेल तर तिनतोंडी गळ काढा, नाहीतर प्रत्येक फेकीला गवताची पेंढी घरी येईल. एकेरी गळ टोक वर करून बसवला तर बराचसा सुटसुटीत निघतो. पाण्यावर तांबूस पिल्लांचा पुंजका दिसला तर तिथं गळ टाकायचा नाही. आईबाप खाली राखण करत असतात, ते चिडून लगेच लागतात, आणि ते गेले की सगळा पुंजका इतर माशांच्या पोटात जातो. ठेका ज्या मच्छीमार सोसायटीचा असेल तिची परवानगी घ्या. पाणी धरणाचं असलं तरी मासा त्यांच्या पोटापाण्याचा आहे. आमच्या भोई मंडळींनी पैसे भरून बीज सोडायचं आणि आपण हौशीखातर उचलून न्यायचं, हे मला पटत नाही.

सहा इंची प्लगांचे गळ मात्र काढून ठेवा. घरात लहान मुलं असतील.

प्रश्न : प्लग विमानात हातातल्या बॅगेत चालतात का?
— शिरपूरचेच भाऊ, दुसऱ्या चिठ्ठीत

उत्तर : नुसतं अंग चालायला हरकत नसावी, पण गळ चेक-इनच्या बॅगेत, टोकांना रबराची नळी लावून. शिसं भरलेला लाकडी मासा एक्स-रेत विचित्र दिसतो, त्यामुळे तेही मोठ्या बॅगेतच टाका आणि वर चिठ्ठी ठेवा. भाच्याला पाठवताना पोटावरचे पेन्सिलचे आकडे पुसू नका.

(प्लगबद्दल प्रश्न पाठवताना फोटो गळासकट, बाजूनं आणि समोरून असे दोन पाठवा. समोरच्या फोटोशिवाय कापाचं काही सांगता येत नाही. पुढच्या अंकात पुन्हा पाणबुडी मोटारी.)